घारीच्या गाण्याखालचं नाव

७ सप्टें., रवि.
सकाळी इथल्या मराठी मंडळाचा हेमंत आला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरत चांदण्यात घारीची मिठाई खाते, त्या चंदी पडव्याला यंदा काहीतरी हटके करायचं म्हणतो. सिनेमाची गाणी नाहीत, आरत्या नाहीत. सणासुट्टीची वेगळीच गाणी, ज्याची त्याने म्हणायची, आणि जी कुठेच छापलेली नाहीत अशी. सगळी उतरवून घेऊन छोटी पुस्तिका काढायची. उतरवणार कोण? "मास्तर, तुमच्याशिवाय कोण?" आनंद झाला, खोटं कशाला लिहू. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी कोणी मास्तर म्हटलं की पाठ ताठ होते.
माझी 'शारदराती' पहिल्या पानावर, हे मनात ठरवून टाकलं. तिसरीच्या वर्गासाठी लिहिली होती.
शारदराती तापीतीरी रुपे सांडले जळी,
हसे चंद्रमा, हसे चांदणी, हसे कमळ अन् कळी.
चाळीस पोरं बाकावर बोटं आपटत एका सुरात म्हणायची. खिडकीबाहेर कडुनिंब. खडूची पूड उन्हात तरंगायची. अजून कानात आहे.
हेमंत दारात चपला घालता घालता म्हणाला, "पितांबरकाकांना विसरू नका हं. त्यांची तर सहा आहेत."
सहा! माझी एक.

१० सप्टें.
गाणी गोळा करायला निघालो. पितृपक्ष चालू, म्हणून दोघांनी "आता नको" म्हणून परत पाठवलं. बाकीच्यांनी हौसेने म्हणून दाखवली.
अडाजणच्या जोशीकाकू, बँकेतून निवृत्त. मूळच्या रत्नागिरीच्या. उत्तरायणाच्या (आपली संक्रांत) उंधियूचं गाणं त्यांनी मंगळागौरीच्या चालीवर बसवलंय. त्यात सुरती पापडी आणि रताळं फेर धरतात. वांगं रुसून बसतं. त्याची समजूत काढायला कोथिंबीर जाते. म्हणताना काकू स्वतःच फुगडीला उभ्या राहिल्या. गुडघे धरून बसल्या मग.
लिंबायतची विमल, साड्यांना टिकल्या लावते. तिच्या सासूबरोबर आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) झोक्याचं गाणं. सासू एक ओळ म्हणते, सून उलट ओळ. दोघी एकमेकींच्या माहेराचे वाभाडे काढतात. सासू मधेच थांबून मला म्हणाली, "हाई लिखू नका, ते मी आजच जोडेल शे." मी लिहून घेतलं.
आणि नामदेव, यंत्रमागावरचा. लाइट गेली की लूम बंद, तो दिवस यांच्या दृष्टीने सणच. त्याचं गाणं त्याने रिकाम्या डब्यावर वाजवून दाखवलं. शब्द चारच आहेत. पण डबा असा बोलतो की पायरीवरची मांजर उठून गेली.
घरी येऊन बायकोला, सु.ला, सगळं सांगितलं. हसली. म्हणाली, "पितांबरभाऊंकडे गेलात की नाही?"
गेलो नाही. त्यालाच बोलावलंय, रविवारी.

१४ सप्टें., रवि.
पि. आला. पलसाण्याच्या मिलमध्ये रंगखात्यात आयुष्य गेलं त्याचं. मिल सोडून आठ-नऊ वर्षं झाली, नखांच्या कडा अजून निळ्या. चौथीपर्यंत शाळा. वाचतो, पण एकेका अक्षराला थांबून. लिहिणं नाहीच.
झोपाळ्यावर बसला. "मास्तर, मी बोलस, तुम्ही लिखा."
पाच गाणी झाली. रविवारच्या सुट्टीचं, पोळ्याला गावी न गेलेल्या माणसाचं, दिवाळीच्या गाडीत खिडकीतून आत शिरण्याचं, वगैरे. मग चंदी पडव्याचं.
चांद गोल, घारी गोल, मनी भाकर बी गोल वं,
चांद कोना, घारी कोनी, भाकर तेवढी मनी वं.
सुरत बठनी फुटपाथवर, मी बठनू पायरीवर वं,
तिना हातमा तूपनी घारी, मना हातमा मिरची वं.
सु. आत वाती वळत होती. मिरचीच्या ओळीला फस्सकन हसली. पदर तोंडाशी. मग बाहेर येऊन म्हणाली, "परत म्हणा ना भाऊ, मिरचीचं." त्याने परत म्हटलं, ती परत हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
माझ्या कवितेला सु. कधी हसली नाही. बरोबर आहे, हसण्याची कविताच नाही ती. पण रडलीही नाही. लग्न झालं त्या वर्षी पहिल्यांदा म्हणून दाखवली तर म्हणाली होती, "तापीत कमळं कुठे असतात?"
मी विचारलं, "पितांबर, हे गाणं गावाकडचं का?"
"नही हो. मनंच शे." मग सांगितलं. वीस वर्षांचा असताना सुरतेत आला. पहिल्याच वर्षी पाळी संपवून येताना बघतो तर सगळं शहर चांदण्यात सतरंज्या टाकून फुटपाथवर बसलेलं. बायका, म्हातारे, शेटजी, सगळे घारी नि भुसू (फरसाण) खातायत. त्याला वाटलं कोणी मोठं माणूस वारलं, म्हणून लोक रस्त्यावर बसलेत. एकाला विचारलंसुद्धा, "कोन गया?" तो माणूस पोट धरून हसला. मग पि. खोलीवर आला, पायरीवर बसून भाकर काढली, आणि गाणं आपोआप.
आपोआप म्हणे. 'शारदराती'ला मला तीन महिने लागले होते. 'कळी'ला यमक मिळेना.

१६ सप्टें.
सकाळपासून सुवाच्य प्रत करतोय. निळी शाई, मथळे लाल. हात अजून थरथरत नाही.
पहिलं पान 'शारदराती'. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव. मग जोशीकाकू, त्यांचं नाव. विमल नि सासू, दोघींची. नामदेव.
पि.च्या गाण्यापाशी आलो. गाणं पूर्ण उतरवलं. खाली नाव लिहायला पेन टेकवलं, आणि हात थांबला. वाचून बघितलं. परत वाचलं. चांगलं आहे. फार चांगलं आहे. चार ओळींत सगळी सुरत, सगळं परकेपण, आणि मिरची. मला हे कधी सुचलं नाही. मीही इथे परकाच आलो होतो. मलाही तो चांद दिसला होता. मी त्याला 'चंद्रमा' म्हटलं.
आणि भाषा कोणाची? माझ्या आईची, अहिराणी. मी ती शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आलो ती आलोच.
खाली लिहिलं: पारंपरिक.
सहाही गाण्यांखाली तेच. वर्गात शिकवायचो, लोकगीताला कवी नसतो, ते सगळ्यांचं असतं. धड्याखाली तसंच छापलेलं असायचं. तर त्यात चुकीचं ते काय?
सु.ने विचारलं, "झालं का लिहून? दाखवा." म्हटलं, छापून आल्यावर बघ.

२३ सप्टें.
हेमंतचा फोन. "मास्तर, पितांबरकाकांच्या गाण्यांखाली पारंपरिक आहे. बरोबर ना? की त्यांचीच आहेत?"
सरळ विचारलं त्याने. सरळ सांगता आलं असतं.
म्हणालो, "जुनीच आहेत ती. खानदेशात म्हणतात."
"असं होय. मला वाटलं काका स्वतः करतात."
"म्हणायला काय, सगळेच म्हणतात."
फोन ठेवला. चहा घेतला. चहा नेहमीसारखाच लागला, याचं नवल वाटलं.

आश्विन व. १, चंदी पडवो
कार्यक्रम झाला. डिंडोलीच्या सोसायटीच्या पटांगणात सतरंज्या, वर चांद, मधे माइक. लोक सुरतीच झालेत आता, घारीचे डबे घेऊनच आले.
पहिला मी. 'शारदराती' पाठ म्हटली, पुस्तिका हातात न धरता. टाळ्या पडल्या. पडल्या म्हणजे, पडतात तशा. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेत कोणी डब्याचं झाकण उघडलं, तुपाचा वास सुटला, पाच-सहा माना तिकडे वळल्या. बघितलं मी.
जोशीकाकूंच्या उंधियूला बायका उठून नाचल्या. विमल आणि तिची सासू, दोघींना "पुन्हा, पुन्हा". नामदेवचा डबा. सगळं झकास.
शेवटी पि. पांढरा सदरा, इस्त्रीचा. गळा काही फार चांगला नाही. पण पहिली ओळ म्हटली आणि दुसऱ्या वेळेला लोक म्हणू लागले. तिसऱ्या वेळेला सगळं पटांगण. शेजारचे गुजराती, ज्यांना अहिराणी ओ की ठो कळत नाही, तेसुद्धा "मनी वं, मनी वं" करत घारी हलवत होते. आणि सु.! माझ्या शेजारी बसून मोठ्याने म्हणत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने बघितलंच नाही.
संपल्यावर पि. पुस्तिका घेऊन आला. आपलं गाणं शोधून काढलं होतं त्याने. ओळींवरून बोट फिरवत खाली आला. "मास्तर, हाई खाले काय लिखेल शे?"
"पारंपरिक."
"म्हंजे?"
माझ्या तोंडून निघालं, "मान असतो तो. मोठ्या गाण्यांना देतात."
त्याने पुस्तिका कपाळाला लावली. मला नमस्कार केला. मी उलट नमस्कार केला नाही.
घारी आणली होती, खाल्ली नाही. सु.ला वाटलं, तूप सोसत नाही.

२४ ऑक्टो.
लूम बंद. दिवाळीने सुरत रिकामी. अर्धी माणसं गावी. एरवी भिंतीतून येणारी खडखड नाही, तर कान दुखल्यासारखे होतात.
दूधवाला (हा राजस्थानचा!) जिना उतरताना गुणगुणत होता. चांद गोल, घारी गोल. विचारलं, कुठे ऐकलं? "सब गाते हैं, मास्टरजी."
जुन्या कपाटातून तिसरीच्या हजेरीपटात ठेवलेली 'शारदराती'ची पहिली प्रत काढली. कागद पिवळा. ज्या चाळीस पोरांनी म्हटली, त्यांतली किती इथेच आहेत. एकाला तरी आठवत असेल? परवा जुना विद्यार्थी भेटला, वाहतूक ऑफिसात आहे. विचारलं, शाळेतली एखादी कविता आठवते का रे? म्हणाला, "कविता नाही सर, तुमची छडी आठवते." आणि हसला. मीही हसलो.

१९ नोव्हें.
हेमंत धावत आला. मोबाइल पुढे केला. नंदुरबारकडची एक तरुण गायिका, नऊवारी, मागे ढोल नि पावा. घारीचं गाणं! आवाज असा, की नळाचं पाणी बंद करून सु. हातातलं भांडं तसंच घेऊन उभी राहिली. पडद्यावर खाली अक्षरं: पारंपरिक खानदेशी गीत.
तिचा कोणी नातेवाईक पडव्याला आला होता, पुस्तिका घेऊन गेला. तिथून.
हेमंत म्हणाला, "काय चाललंय मास्तर हे! सगळीकडे फिरतंय."
मला काय वाटलं ते इथे तरी खरं लिहितो. पहिल्यांदा भीती नाही वाटली. हेवा वाटला.

२१ नोव्हें.
बाहेरून कळलं ते असं. पि.च्या सुनेने गाणं त्याला दाखवलं. तो चाळभर सांगत सुटला, माझं गाणं, माझं गाणं. कोणी मानेना. "बाबा, खाली लिहिलंय, जुनं आहे ते." समोरची एक म्हातारी तर म्हणाली, हे माझी आजी शिंदखेड्याला म्हणायची, मी लहानपणी ऐकलंय. शपथेवर सांगितलं तिने. खोटं बोलतेय असंही नाही. तिला खरंच आठवतंय.
आता चाळीत पि. गेला की पोरं म्हणतात, "काका, 'ये रे ये रे पावसा' पण तुमचंच ना? आणि गणपतीची आरती?" सून बाहेर निघत नाही लाजेने. दोन दिवस कट्ट्यावर आला नाही.

२२ नोव्हें., शनि.
पि. आला. चिडून येईल म्हणून मनाची तयारी करून होतो. चिडला नव्हता. उभाच राहिला. बस म्हटलं तेव्हा टोकाला बसला, पाहुण्यासारखा.
"मास्तर, तुम्ही लिखी द्या. तुम्हना शब्द चालस. बुक तुम्हीच लिखेल शे ना?"
"काय लिहू?"
"का हाई गानं पितांबरनं शे. बस." मग थांबून, "छापणारानी चूक व्हयनी व्हई. नहीतर मीच सांगाले चुकनू व्हसू."
मी सांगाले चुकनू. असं म्हणाला तो.
"त्या पोरीवर मना राग नही. चांगली गास. मनापेक्षा चांगली. पन लोके माले खोटा म्हनतस."
लिहून देतो म्हटलं. दोन-तीन दिवसांत. तो उठला. सु.ने चहा आणला तोवर गेलेला.
कप ट्रेमध्ये तसाच. सु. उभी.
"त्यांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी वाती वळत होते. फुटपाथवर लोक बसलेले, कोण गेलं म्हणून विचारलं, सगळं सांगितलं होतं."
"हो."
"मग?"
मी म्हटलं, "लोकगीताला नाव नसतं."
"जोशीकाकूंचं आहे. तुमचं आहे."
संध्याकाळपासून बोललेली नाही. जेवायला वाढलं. मीठ कमी होतं, मागितलं नाही.

२५ नोव्हें.
चार मसुदे.
एक: "मुद्रणदोषामुळे..." फाडला. छापखानेवाल्याने काय केलं? मी दिलं तेच छापलं.
दोन: "अनवधानाने..." इतकं अवधान मी आयुष्यात कधी ठेवलं नव्हतं.
तीन: "संपादकीय धोरणानुसार..." हसू आलं. स्वतःचीच किळस आली.
चार: नुसतं "सदर गीत श्री. पितांबर यांचे आहे." एवढंच. हे खोटं नाही. पण मग लोक विचारणार, आधी पारंपरिक का लिहिलं? आणि तो सांगणार, छापणाऱ्याची चूक. माझं खोटं तो बोलणार.
दुपारभर खिडकीत बसलो. एक विचार येतो आणि जात नाही. त्याचं नाव खोडायला गेलो आणि गाणं सगळ्यांच्या आज्यांचं करून बसलो. आता नाव दिलं तरी ते जगणार, नाही दिलं तरी जगणार. माझ्या कवितेखाली ठळक अक्षरांत माझं नाव आहे. ती कोणी म्हणत नाही. कोणी चोरतसुद्धा नाही.

२८ नोव्हें., शुक्र.
हेमंतने त्या गायिकेला फोन लावला होता. बरी मुलगी आहे. म्हणाली, ज्यांनी पुस्तिका केली त्या गुरुजींनी लेखी दिलं तर मी लगेच नाव टाकते, आणि काकांना माझ्याबरोबर बसवून दुसऱ्यांदा गाईन. रविवारी कागद पाठवा.
म्हणजे परवा.
सु. आज बोलली. एकच वाक्य. "लिहिणार नसाल तर सांगा, मी जाऊन सांगते त्यांना."
अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, ही मला वर्गाबाहेर उभं करील.
पाचवा मसुदा लिहिला. एका बैठकीत. यमक नाही, लाल शाई नाही:
"'चांद गोल, घारी गोल' हे गीत पितांबर यांनी स्वतः रचलेले आहे. ते त्यांनी माझ्या घरी मला सांगितले. हे माहीत असूनही मी खाली पारंपरिक असे लिहिले. कारण मला त्यांचा हेवा वाटला."
खाली सही. वळण सुबक आलं. सवय.

२९ नोव्हें., शनि., सायं.
पि. पाच वाजता आला. सु. दारातच उभी राहिली, आत गेली नाही.
कागद दिला. त्याने उलटसुलट बघितला, परत दिला. "तुम्हीच वाचा."
वाचला. वर्गात वाचायचो तसा, स्वच्छ, सावकाश. 'हेवा' शब्दाशी थांबलो, पाणी पिऊन पुन्हा वाचला.
त्याने कागदाकडे बोट केलं. मग म्हणाला, "पुन्हा वाचा. नाव येस तेवढंच."
पहिलं वाक्य वाचलं.
"अजून एकदाव."
तिसऱ्यांदा वाचलं. त्याचा चेहरा... काय लिहू. स्वतःचं नाव कागदावरून ऐकताना असा चेहरा होतो हे मला माहीत नव्हतं. माझं नाव मी इतक्या वेळा इतक्या कोपऱ्यांत लिहिलं, मला कधी असं झालं नाही. तिथेही हेवाच. लिहून टाकतो.
मग म्हणाला, "मास्तर, शेवटली दोन वाक्यं काढी टाका."
"का?"
"लोके वाचतीन. ती पोरगी वाची. तुम्हले कसं दिसी? तुम्ही मास्तर."
"खरं आहे ते."
"खरं शे ते माले समजनं. बाकीसले काय करनं शे?"
मला वाटलं होतं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरोबरी झाली असती. शिव्या मी परतही दिल्या असत्या, एक-दोन. हे मात्र परत कसं द्यायचं?
उठला. सु.ने विचारलं, "चहा?" म्हणाला, "आज नको वैनी." रागाने नाही. पण "आज नको" म्हणजे काय ते कळलं नाही. उद्या हवा असेल का? दारात वळून मला म्हणाला, "सकायले लयी जासू. तवलग काढी ठेवा."
दार लागलं. सु.ला विचारलं, "काढू का ती वाक्यं?" ती म्हणाली, "मला नका विचारू."
दोन वाक्यं काढली तर त्याच्या शब्दाचा मान राखल्यासारखं होईल. तो तसंच समजेल. ठेवली तर त्याचं ऐकलं नाही असं. काढली तर सुटेन मी. ठेवली तर मोठा दिसेन, आणि मोठं दिसायचीच तर खोड मला.
नवा कागद घेतला. पहिली दोन वाक्यं उतरवली. तिथे थांबलो. आता टेबलावर दोन्ही आहेत, शेजारी शेजारी. पंख्याने उडू नयेत म्हणून दोन्हींवर मिळून एकच तांब्या ठेवलाय. सही फक्त लांब कागदावर आहे.
पि. सकाळी सातला येतो, फिरून येताना.